पाठीवरचा चहा

"शमीम, सरांनी चहा सोडलाय गं."

सरांच्या बायको, आमच्या काकू, फोनवर एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या कुणाला हे ऐकून हसू येईल. माणसं चहा सोडतात, साखर सोडतात, त्यात काय एवढं? पण बिराजदार सरांनी चहा सोडला म्हणजे अणदूरच्या खो-खोच्या मैदानातला खांब कुणीतरी उपटून नेला, असंच समजायचं.

मी सुरतेला एका दवाखान्यात आया आहे. फोन आला तेव्हा एका आजीबाईंना कुशीवर वळवत होते. त्यांना नीट निजवलं, जिन्यात जाऊन काकूंना परत फोन लावला, तेव्हा सगळं कळलं. सर स्कूटरसकट पडले होते. स्कूटर चालू नव्हती. दारात उभी होती आणि सर ती स्टँडवर लावत होते. ती कलंडली, तिच्याबरोबर सरही. कमरेच्या मणक्याला मार बसला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही, पण व्यायाम रोज करायचा. नाही केला तर ही कंबर पुन्हा सरळ उभी राहायची नाही.

"मग करत न्हाईत का?" मी विचारलं.

"करत्यात कुठलं! भिंतीकडं तोंड करून पडल्यात. व्यायाम शिकवायला पोरगी येती, तिला पाठ दाखवत्यात. म्हणत्यात, अख्ख्या तालुक्याला उभं केलं, आता मी लेकरासारखा रांगू व्हय? आन संध्याकाळचा चहा दिला तर म्हणत्यात, न कमवता प्यायचा व्हय? तू ये बाई. तुझं ऐकत्याल."

माझं कोण कशाला ऐकेल? नववीतून शाळा सुटलेली बाई मी. सरांच्या हाताखालून कितीतरी मुली गेल्या. कुणी पोलिसात आहे, कुणी मास्तरीण आहे. मला तर हीच धास्ती की सर मला ओळखणारसुद्धा नाहीत. तरी सिस्टरकडं रजा मागितली. मिळाली. गाडीत रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. मग सरांना आठवत बसले.

सर पहिल्यांदा भेटले तेव्हा मी सहावीत होते. आमचं घर नळदुर्गला, हायवेला लागून. अब्बांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज. मी पळायला तेज होते. गॅरेजमधून पाना आणायला सांगितलं तर ट्रकचालकाचा "बेटा" म्हणून होईपर्यंत पाना हातात असायचा. शाळेच्या बाईंनी मला अणदूरच्या मैदानावर सरांपुढं नेऊन उभं केलं. सरांनी मला पळवलं. मी वाऱ्यासारखी जाऊन आले आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले.

सरांनी नुसतं गालातल्या गालात चघळल्यासारखं केलं. "पाय झकास हायेत. हात बी हायेत. मधलं माणूस कुठं हाय?"

मी माझ्या पायांकडं, मग हातांकडं बघितलं.

"तुझा बाप गॅरेजवाला ना? मग सांग. इंजिन नवं टाकलं, टायर नवं टाकलं, आन खालचा सांगाडा, चासीच, वाकडी. तर गाडी कशी जाईल?"

"एका अंगाला ओढंल," मी म्हणाले.

"वळणावर?"

"पलटी मारंल."

"आगं, मग तुला सगळंच येतंय की! खांबाला वळताना तू पलटी मारतीस. जा, बस रांगेत. तुझी चासी सरळ करू."

खो-खोत पाठलाग करणाऱ्या मुलीला मधेच उलटं फिरता येत नाही. दोन टोकांच्या खांबांपर्यंत जायचं, तिथूनच वळायचं. पळणारी मुलगी नेमकी खांबाजवळ हुलकावणी देते. तिथं एका हातानं खांब धरून सगळं अंग बाहेर झोकून द्यायचं आणि दुसऱ्या हातानं तिला टिपायचं. हात खांबावर, पाय जमिनीवर, आणि मधलं अंग हवेत फळीसारखं ताठ. पोट ढिलं पडलं की माणूस ओल्या गोधडीसारखं खांबाला लोंबकळतं. सर म्हणायचे, "हात खांब धरतो, पर सूर पोट मारतं."

हे पोट त्यांनी ज्या रीतीनं आमच्यात घातलं ती रीत दुसरीकडं कुठं मी पाहिली नाही. रोज संध्याकाळी काकू थर्मासात चहा पाठवायच्या. सर तो स्टीलच्या फुलपात्रात ओतायचे, पाऊण भरून, आणि निववत ठेवायचे. मग एकीचं नाव घ्यायचे. तिनं कोपरांवर आणि पायांच्या बोटांवर अंग तोलून फळी धरायची. चहा कोमट झाला की सर ते फुलपात्र तिच्या कमरेच्या जरा वर ठेवायचे. मोजणी संपेपर्यंत चहा सांडला नाही तर सर तो प्यायचे. सांडला तर त्या संध्याकाळी सरांना चहा नाही. दुसरा मागवायचा नाही, बाबूभाईच्या टपरीकडं बघायचंही नाही. त्यांनी स्वतःच घालून घेतलेला नेम.

ओरडा खाणं परवडायचं. पण चहा सांडल्यावर सर जे तोंड करायचे ते बघवत नसे. काही बोलायचे नाहीत. मातीत जिरलेल्या चहाकडं असं बघायचे, जणू जवळचं कुणीतरी गाडी धरून गावाला निघून गेलंय. मग हळूच म्हणायचे, "काकूनं आज आलं टाकलं होतं." बस. ती मुलगी घरी जाऊन न सांगता फळी धरायची. आम्ही सगळ्याच धरायचो. माझी अम्मी म्हणायची, "ये छोकरी दिनभर जमीनपर क्या ढूंढती?"

सगळ्यात अवघड होती ती मोजणी. सर कानडीत मोजायचे. त्यांचं आजोळ सीमेपलीकडचं. "ओंदु... एरडु... मूरु... नाल्कु... ऐदु..." आणि पाचाच्या पुढं गेले की परत "ओंदु". आम्हाला वाटायचं, कानडीत आकडेच पाच असतील, बिचारे करणार काय! मग एकदा कर्नाटकातल्या आळंदकडची एक मुलगी मामाकडं शिकायला आली आणि आमच्यात खेळू लागली. पहिल्याच दिवशी ती फळीत असताना सरांनी "ऐदु" म्हणून "ओंदु" म्हटलं, तशी ती खाली मान घालून ओरडली, "सर, आरु! आरु राहिला!"

सर थांबले. आम्ही सगळ्या त्यांच्याकडं बघायला लागलो.

"तुझ्या गावात असंल आरु," सर म्हणाले. "आमच्या गावात दुष्काळ पडला होता, तवा आकडे कमी पडले."

ती एवढी हसली की फुलपात्र गडगडलं. चहा सांडल्यावर सर स्वतः हसलेले तेवढेच.

आणि हे सगळं शिकवणाऱ्या सरांचं स्वतःचं पोट? बुशशर्टाचं मधलं बटण कायम जीव मुठीत धरून असायचं. एकदा बाहेरगावचा एक तरणा प्रशिक्षक आला होता, घट्ट बनियन, दंडावर रुबाब. तो सगळ्यांसमोर हसत म्हणाला, "सर, मुलींना पोटाचं शिकवता, पण तुमचं पोट बघून कोण ऐकणार?"

"हे पोट न्हाय," सर पोटावरून हात फिरवत म्हणाले. "ही दुकानाची पाटी हाय. माल आत हाय."

तो ऐकेना. मग सर तिथंच मैदानात फळीला बसले. पँट, बुशशर्ट, खिशात पेन, सगळं तसंच. त्यांनी स्वतःच आपल्या पाठीवर फुलपात्र ठेवायला लावलं. आम्ही मोजायला लागलो, कानडीतच. तो प्रशिक्षक शेजारी फळी धरून बसला होता; तो थरथरायला लागला, खाली आला. सर ढिम्म. आम्ही टाळ्यांचा कडकडाट केला. सर उठले, माती झटकली, चहा प्यायले आणि त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाळा, मनावर घेऊ नको. माझं पोट जमिनीला टेकलेलं होतं. मला चार पायांशिवाय पाचवा खांब होता. जिंकलास तूच."

कोमट चहाची त्यांना इतकी सवय झाली होती की गरम चहा त्यांना पिताच येत नसे. लग्नाकार्यात वाफाळता कप हातात आला की सर तो धरून मांडवभर फिरायचे. कुणी म्हणालं, "सर, घ्या की," तर म्हणायचे, "अजून पाठीवर गेला न्हाय."

आता आमच्या एका उपासाची गोष्ट. जिल्ह्याच्या स्पर्धा तुळजापूरला होत्या आणि पहिल्याच दिवशी मंगळवार होता. तुळजापूर, मंगळवार आणि स्पर्धा, असं जुळून आल्यावर आमच्या कप्तान वैशालीला स्वस्थ बसवेना. तिनं आदल्या संध्याकाळी सगळ्यांना गोळा करून शपथ घातली: कडक उपास धरायचा, पाणीसुद्धा सामना झाल्यावर. आई भवानी पावणारच. माझ्याकडं बघून म्हणाली, "शमीम, तुला सूट हाय." ती सूट माझ्या मनाला फार लागली. मी म्हणाले, मला रोजाची सवय आहे, मी पण धरते. सगळ्यांनी मला मिठीच मारली. सरांना सांगायचं नाही, हेही ठरलं.

सकाळी मैदानाच्या कडेला सरांनी नेहमीसारखा चहा ओतला. त्या दिवशी त्यांनी सकाळीच पाठी तपासायचं ठरवलं होतं. पहिली मुलगी फळीत गेली. चहा सांडला. नेम संध्याकाळचा, म्हणून सरांनी थर्मासातून परत ओतला, दुसरीच्या पाठीवर ठेवला. तोही सांडला. तिसऱ्या वेळी माझा नंबर. मला नीट आठवतंय, पोट आत ओढायला गेले तर धरायला आत काही नव्हतंच. फुलपात्र पाठीवरून घरंगळलं आणि थर्मासही रिकामा झाला.

सरांनी थर्मास उलटा करून बघितला. मग एकेकीच्या ओठांकडं बघितलं. कोरडे.

"कुणी काय खाल्लं सकाळी?"

सगळ्यांनी वैशालीकडं बघितलं. मग वैशाली रडायला लागली आणि सगळं बाहेर आलं.

सर चिडतील असं वाटलं होतं. ते मटकन खाली बसले. "आगं येड्यांनो, देवीनं म्हटलं व्हतं का, उपाशी पळा म्हणून? ती महिषासुराशी लढली ती काय उपाशी लढली आसंल?" आणि उठून तरातरा गेले. आले ते केळी, गूळ, शेंगदाणे आणि कुठल्यातरी घरातून मागून आणलेल्या चपात्या घेऊन. पण वैशाली कुणाला घास तोंडात घालू देईना. "मोडला तर आई कोपंल, सर. मग आपण हरलो तर माझ्यामुळं."

तेव्हा सरांनी चपला काढल्या. देवळाच्या दिशेला तोंड करून हात जोडले आणि दारातल्या शेजारणीशी बोलावं तसं मोठ्यानं बोलले, "आई, ह्या पोरींचा उपास माझ्या नावावर घे. ह्या जेवतील, मी सोडतो. स्पर्धा होईपातुर मला चहा हराम." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुझ्या अल्लाला काय सांगू, तूच सांग. मला तिकडची रीत म्हाईत न्हाय." मी म्हणाले, तो समजून घेतो. "मग खा."

आम्ही जेवलो, पळालो, जिंकलो. पुढचाही सामना जिंकलो. सर मात्र डोक्याला रुमाल बांधून, डोळे मिटून, पंचांवर खेकसत फिरत होते. कुणी कपबशी वाजवली तरी मान वळवायचे. शेवटच्या दिवशी अंतिम सामन्यात मी खांबावरून सूर मारून समोरच्यांची चांगली खेळाडू टिपली. माझं मधलं माणूस त्या दिवशी जागेवर होतं; हवेत असताना मला ते कळलं. तरी आम्ही एका गुणानं हरलो.

सगळ्या रडत बसल्या. वैशाली म्हणाली, "बघा सर, उपास मोडल्यामुळंच."

सरांनी इकडं तिकडं बघितलं. "त्यो उपास न्हाय गं. आई लई चोख हाय. आज सकाळी टपरीवर एकानं कप पुढं केला. मी एक घोट घेतला. एकच." आणि एक बोट वर केलं. "एक घोट, एक गुण."

रडता रडता आम्ही सगळ्या हसायला लागलो. पुढं कितीतरी दिवस गावात सर दिसले की पोरी लांबून एक बोट दाखवायच्या, आणि सर चप्पल काढल्यासारखं करायचे.

नववीत असताना अम्मी आजारी पडली आणि माझी शाळा सुटली. घरात धाकटी भावंडं, दुसरं कोण करणार? सर गॅरेजवर आले. अब्बा आधीच बोलायला लागले, "सर, मजबुरी हाय. घर कोन बघनार?" मला वाटलं, सर शाळेवर भाषण देतील. त्यांनी दिलं नाही. ते टायरवर बसून म्हणाले, "शाळेचं मला जमत न्हाय भाई, तो तुमचा निर्णय. पर शाळा सुटली म्हणून मैदान सुटत न्हाय. शाळेकडून न्हाय तर मंडळाकडून खेळंल. सैपाक उरकून ये म्हणावं, आम्ही थांबतो." आणि खरंच थांबायचे. मी धापा टाकत अणदूरला पोचेपर्यंत चहा निवत ठेवलेला असायचा. घरात दिवसभर माझ्या पोटात भीतीच असायची, अम्मीचं काय होईल, पुढं माझं काय होईल. सरांना सांगितलं तर म्हणाले, "भीती पोटातच येती ना? मग तिथंच गडी उभा कर. धर फळी."

लग्न होऊन सुरतेला निघाले तेव्हा भेटायला गेले आणि तिथंच रडू फुटलं. सर म्हणाले, "आगं, आपला खंडोबा बी काही महिने अणदूरला ऱ्हातो, काही महिने नळदुर्गाला. देवाला दोन गावं चालत्यात, मग तुला काय झालं?" वॉर्डात पहिल्यांदा जड पेशंट उचलायची वेळ आली तेव्हा सरांची फळी आठवली. मग पोट आवळलं, खाली वाकून गुडघ्यातून उठले. त्या उचलण्यावर माझं घर चाललंय. पाठ अजून शाबूत आहे.

अणदूरला पोचले तेव्हा सर काकूंनी सांगितल्यासारखेच होते. भिंतीकडं तोंड, अंगावर चादर.

"कोण हाय?" न वळता म्हणाले.

"शमीम, सर."

"कुठली शमीम?"

झालं. ज्याची भीती होती तेच. मी बारीक आवाजात म्हणाले, "गॅरेजवाल्यांची. चासी वाकडी होती ती."

भिंतीकडं तोंड ठेवूनच त्यांनी विचारलं, "सरळ झाली का?"

"व्हय सर. दवाखान्यात आया आहे. पेशंट उचलते."

"पाठीनं का पोटानं?"

"पोटानं."

"हं." आणि चादर वर ओढून घेतली.

समजावण्याचं मी योजून आले होते, पण त्या पाठीला काय समजावणार? काकू चहा घेऊन आल्या. "घ्या, पोरगी एवढ्या लांबून आलीय." सर म्हणाले, "तिला दे. मी कमवला न्हाय." मग मला दुसरं काही येत नाही म्हणून जे येत होतं ते केलं. पदर खोचला, त्यांच्या खाटेशेजारी जमिनीवर फळी धरली आणि काकूंना म्हणाले, "चहा निवला की ठेवा माझ्या पाठीवर. मी कमवते सरांसाठी."

काकूंनी ठेवला. भिंतीकडून हळूच आवाज आला, "ओंदु... एरडु..." मी कोपरं घट्ट रोवली. पण दोन लेकरं झालेली बाई मी, सबंध रात्र गाडीत बसून आलेली. ऐदु होऊन परत ओंदु आलं तशी मी थरथरायला लागले. कंबर खाली चालली. फुलपात्राचं बूड पाठीवर डुगडुगायला लागलं.

"कंबर पडली!" खाटेवरून आवाज आला. "वर घे. अगं बूड वर करू नको, कंबर! बेंबी पाठीला लाव! काय शिकवलं व्हतं—"

फुलपात्र गडगडलं. चहा फरशीवर. मी मान वळवून बघितलं तर सर कोपरावर उठून, खाटेच्या कडेला येऊन, लालभडक तोंडानं माझ्या कमरेकडं बोट दाखवत होते. काकूंनी तोंडाला पदर लावला. पडल्यापासून सर आपणहून उठले नव्हते.

सरांच्याही ते ध्यानात आलं. ते फरशीवरच्या चहाकडं बघायला लागले. तेच जुनं तोंड. "आलं टाकलं होतं का?"

"टाकलं होतं," काकू म्हणाल्या.

काकू आता गावभर सांगतात की शमीमनं मुद्दाम सांडला. तसं काही नव्हतं. खरंच सांडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा धरली, पुन्हा सर ओरडले, पण त्या दिवशी सांडला नाही. मी फुलपात्र त्यांच्या पुढं केलं. त्यांनी घेतलं नाही. "हा तुझा. तू पी," म्हणाले. "माझा मी बघतो."

निघायच्या सकाळी पिशवी घेऊन मी त्यांच्या अंगणातून आत डोकावले. ओसरीत सतरंजी टाकलेली. व्यायाम शिकवणारी मुलगी शेजारी बसलेली. सतरंजीवर बिराजदार सर हातापायांवर, लेकरासारखे रांगत्या पवित्र्यात. एक हात पुढं लांब केलेला, दुसऱ्या बाजूचा पाय मागं ताणलेला, दोन्ही थोडे थरथरत. दुकानाची पाटी खाली लोंबत होती, पण जमिनीला टेकली नव्हती. पाठीवर फुलपात्र. काकू हात जोडल्यासारख्या उभ्या, आणि मोजत होत्या, मराठीत, एक-दोन-तीन, पाचाच्या पुढं सहा, सात.

"आगं, पाचाला परत मागं फिर की," सर दात आवळून म्हणाले. "एवढ्यात संपवतीस व्हय?"

काकू एकवर आल्या. मी दारातच थांबले. बस निघून जाईल अशी भीती वाटत होती, पण पाय हलेना. मोजणी संपली. त्या मुलीनं हळूच फुलपात्र उचललं. सरांनी एकेक करून हात, पाय खाली आणले, भिंतीला टेकून बसले आणि हात पुढं केला. एक घोट घेतला. डोळे मिटले. मग मी दिसले तशी एक बोट वर केलं, तुळजापुरातल्यासारखं, आणि दुसरा घोट घेतला.

"आत्ता झाला पिण्यासारखा," म्हणाले.